टायरची आतली कड

दोन हजार तेवीस साल, चौतिसावा आठवडा. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. मी दुसऱ्या श्रावणातला. साल आणि आठवडा माझ्या अंगावरच उठवलेला आहे, ज्याला पाहिजे त्याने वाकून वाचावा. माणसांना जन्मदाखला जपून ठेवावा लागतो. मला ती कटकट नाही.

मी टायर. मोटारीचा, पुढचा, डाव्या अंगाचा. मला गोड बोलता येत नाही. जे सांगतो ते रस्त्यावर घासून शिकलेलं आहे.

गुजरातेतल्या एका कारखान्यात रबर, काजळी, कापडाचे थर आणि पोलादी तारा एकत्र करून मला साच्यात भाजलं. बाहेर पडलो तेव्हा अंगावर रबराचे बारीक केस होते आणि नक्षी खोल होती. सपाट टेकायचं, गोल फिरायचं, सरळ जायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. तेवढं नीट करू दिलं तर टायर कधी तक्रार करत नाही. मीही केली नसती.

दिवाळीच्या तोंडावर विरारच्या दुकानातून उमंगने आम्हा चौघांना नेलं. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण इंजिनाने चांगली. घर आगाशी आणि नंदाखालच्या मधल्या वाडीत. नारळ, राजेळी केळी, थोड्या पानवेली. उमंग बोईसरच्या कंपनीत नोकरीला, रोज गाडीने जाऊन येऊन. घरात त्याचे वडील मधूभाऊ आणि आई रुक्मिणी.

मधूभाऊ सत्तरीच्या पुढचे. शाळा चौथीपर्यंत. ताठ चालणार, कमी बोलणार. त्यांचा एक नियम होता. वाडीतून रिकामं वाहन बाहेर पडायचं नाही. बैलगाडी होती तेव्हापासूनचा, त्यांच्या वडिलांचा नियम. उमंग सकाळी कामावर निघाला की मधूभाऊ उभेच. "थांब. हे दोन घड बाजारात टाक." नाहीतर पानांची करंडी. नाहीतर शहाळी. काहीच नसलं तर कोणाच्या तरी घरी द्यायच्या झावळ्या. उमंगच्या शर्टाला केळीचा डाग नाही असा दिवस मी पाहिला नाही. ऑफिसात त्याला काय म्हणत असतील ते म्हणोत. मला तो नियम पटला होता. कामाला निघावं तर काम घेऊनच निघावं.

आता ज्या गोष्टीने माझं वाटोळं झालं ती सांगतो. तिची सुरुवात माझ्या आधीची आहे. गाडीत वारंवार बोललं गेलं म्हणून मला माहीत.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात मधूभाऊंच्या विहिरीचं पाणी खारं झालं. आपल्या भागात होतं तसं. उपसा वाढला की समुद्र जमिनीखालून आत येतो. केळीची पानं कडेने करपायला लागली. शेजारच्या वाडीत रुडॉल्फ राहतो. त्याची विहीर गोड्या पाण्याचीच राहिली होती. मधूभाऊ काही मागायला गेले नाहीत, जाणारही नव्हते. एका सकाळी रुडॉल्फनेच कुंपणावरून पाइप टाकला आणि पंप चालू केला. होळीपासून पाऊस येईपर्यंत मधूभाऊंची वाडी रुडॉल्फच्या पाण्यावर जगली.

पाऊस आल्यावर मधूभाऊ पैसे घेऊन गेले. रुडॉल्फने हात मागे बांधले. मग मधूभाऊंनी केळीचा घड पाठवला, तर रुडॉल्फच्या बायकोने, पॉलिनने, त्याच टोपलीतून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवल्या. नारळ पाठवले, तर दुधी आला. टोपली रिकामी परत करायची नाही ही इथली रीत. त्यामुळे देणं होतं तिथेच राहिलं. माणूस ताठ असला की असल्या गोष्टी त्याला आतून कुरतडतात. कुंपणापाशी मधूभाऊ आले की मान दुसरीकडे वळवायचे. शेजारी इतका चांगला, आणि यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दोन हजार चोवीसच्या दसऱ्याची गोष्ट. गाडी कुंपणाला लागून उभी होती, त्यामुळे सगळं मी ऐकलं.

"रुडॉल्फ, तुझं देणं राहिलंय," मधूभाऊ म्हणाले.

"कसलं देणं?"

"पाण्याचं."

"पाणी विहिरीतलं, मधूभाऊ. मी काय घरी बनवलं होतं?"

"ते मला सांगू नको. काहीतरी माग."

रुडॉल्फ हसला. "सगळं गाव माझ्याकडे मागायला येतं. माग म्हणून धमकी देणारे तुम्हीच."

"हसू नको. माग."

रुडॉल्फने कुंपणावर कोपरं टेकली. मग म्हणाला, "बरं. जानेवारीत एलिसाचं लग्न आहे. मुलगा अर्नाळ्याचा, लग्न तिकडच्या देवळात. पोरीला घरून देवळात न्यायला तुमची गाडी द्या." इकडे चर्चला देऊळच म्हणतात.

"दिली," मधूभाऊ म्हणाले आणि वळून चालते झाले. त्या दिवशी त्यांची चाल वेगळी होती. खांद्यावरचं ओझं कोणीतरी अर्धं उतरवून घेतल्यासारखी.

गाडी उमंगची होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"बाबा, निदान विचारायचं तरी!"

"विचारून शब्द देतात का?"

"अहो, पण गाडी त्याची," रुक्मिणी म्हणाली.

"आणि पोरगा कोणाचा?" मधूभाऊ म्हणाले. विषय संपला.

उमंग रागावला नाही. एलिसा त्याच्याबरोबर लहानपणापासून खेळलेली. त्याला उलट हुरूप आला. लग्नात गाडी शोभली पाहिजे. व्हिडिओवाला येणार, ड्रोन उडवणार. तेव्हा गाडी खाली करायची, जमिनीला चिकटून चालली पाहिजे. हे त्याने मोबाइलवर पाहिलेलं होतं.

दिवाळीत तो विरारला फुलपाड्यात यतीनच्या गॅरेजमध्ये गेला. यतीन उमंगच्याच वयाचा, धंद्याला पक्का. त्याने आमच्या वरच्या स्प्रिंगा काढून आखूड, ताठ स्प्रिंगा बसवल्या. पूर्वी माझ्या आणि मडगार्डच्या मधून मूठ जायची. आता दोन बोटं जाईनात. गाडी खाली आली तसं माझं डोकं आत कललं आणि पाय बाहेर सरकला. सगळा भार आतल्या कडेवर आला. बाहेरची कड जेमतेम टेकायची.

"स्प्रिंगा जरा बसू देत," यतीन म्हणाला. "चार दिवसांनी अलाइनमेंटला ये. विसरू नको, नाहीतर टायर खाईल."

उमंग विसरला नाही. बरोबर चार दिवसांनी निघाला. पण निघताना मधूभाऊ उभे होतेच.

"कुठे?"

"फुलपाड्याला. अलाइनमेंट करायला."

"मग तिकडच्या फळवाल्याची केळी ने. परत कोण जाईल?"

डिकीत राजेळीचे घड, मागच्या सीटवर घड, त्यांच्यावर केळीची पानं. फळवाल्याचं दुकान उशिरा उघडायचं, म्हणून उमंग आधी यतीनकडे गेला. गाडी मागून बसलेली, पुढून नाक वर. यतीनने आम्हाला पट्ट्या लावल्या, मशीन चालू केलं, खाली शिरून रॉड फिरवले. पडद्यावरच्या लाल रेघा हिरव्या झाल्या. काचा काळ्या होत्या. आत केळी आहेत हे त्याला दिसलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. चाकं सरळ करायला येताना केळी घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याने कुठे पाहिलं असणार?

"एकदम सरळ," यतीन म्हणाला.

त्या घटकेला मी खरंच सरळ होतो. फळवाल्याकडे केळी उतरली. मागचा भार गेला तसं गाडीचं नाक खाली आलं, आणि आम्ही पुढचे दोघं बदकाच्या पायांसारखे फाकलो.

तिथून माझी स्वस्थता गेली.

कसं सांगू? मला डावीकडे जायचं, माझ्या उजव्या जोडीदाराला उजवीकडे. उमंग स्टेअरिंग धरून दोघांना सरळ ओढतो. चाललो तरी घासतो, थांबलो तरी ताण. विरारहून हायवेला लागलं की सिमेंटचा रस्ता कानशीसारखा आतल्या कडेवर चालायचा. रोज बोईसर, रोज परत. झाडाखाली उभा राहिलो तरी विसावा नव्हता, कारण कललेलं अंग कललेलंच. उभ्या उभ्याही मी चालत असल्यासारखा वाटायचो. मी आवाज करायला लागलो. घुंऽऽ असा, न थांबणारा. वेग वाढला की वाढायचा. माझ्याकडे बोलायला तेवढंच होतं.

उमंगने गाण्यांचा आवाज वाढवला.

माणसांचं हे मला कळलेलं नाही. दर रविवारी उमंग गाडी धुवायचा. मग चिंधीला काळं पॉलिश लावून माझी बाहेरची बाजू चमकवायचा. बसून, प्रेमाने. लांबून बघायचा, फोटो काढायचा. बाहेरून मी कालच दुकानातून आल्यासारखा. आत कड झिजून गुळगुळीत होत चाललेली. मडगार्ड इतकं खाली आलेलं की आत डोकावायलाही जागा नव्हती. हात घालावा असं त्याला वाटलं नाही. सुंदर दिसणाऱ्या गोष्टीच्या आत कोण हात घालतो?

डिसेंबरात एलिसा गाडी बघायला आली. शाळेत शिकवते ती. तोंडाने फटकळ.

"उमंग, ही उभी आहे की बसलीये?"

"स्टाइल आहे ती. तुला नाही कळणार."

"माझी आजी आत बसेल खरी. बाहेर काढायला क्रेन लागेल."

"आजीला रिक्षा करू. तू बसतेस ना?"

"बसते रे," ती हसून म्हणाली. "मधूकाकांनी शब्द दिलाय म्हटल्यावर मला बसायलाच पाहिजे. नाहीतर पप्पांना परत पाइप टाकायला लावतील."

ती माझ्या बाजूने चालत गेली. दारावरून हात फिरवला. माझं काळीज, असलं तर, तेव्हा हललं. ही पोर माझ्यावर बसणार होती. आणि माझ्या पोटातल्या तारा पृष्ठभागापासून किती जवळ आल्यात ते मलाच ठाऊक होतं.

लग्न जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी. आदल्या दिवशीची, शनिवारची सकाळ. मधूभाऊ वाडीला पाणी लावत होते. शुक्रवारी दुपारी पाट फुटून पाणी गाडीवाटेवर आलं होतं आणि माती मऊ झाली होती. त्या मातीवरून आदल्या संध्याकाळी आम्ही आत आलो होतो. मधूभाऊ पाट बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मातीत माझा ठसा होता. बाहेरच्या बाजूला नक्षी, पुसट पण नीट. आतल्या बाजूला नुसती खोल, गुळगुळीत घळ. मधूभाऊंनी रानडुकरापासून मुंगसापर्यंत सगळ्यांचे माग वाडीत पाहिलेत. लंगडणाऱ्या जनावराचा पाय कसा उठतो ते त्यांना ठाऊक आहे. ते माग धरून गाडीपाशी आले. बाहेरून मला बघितलं. चकाचक. मग गुडघे टेकले, मडगार्डखालून कसाबसा हात घातला आणि आतल्या कडेवरून फिरवला.

तार त्यांच्या बोटात घुसली.

हात बाहेर काढला तेव्हा रक्त होतं. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि हाक मारली. "उमंग!"

उमंग दात घासत आला.

"हात घाल."

"कुठे?"

"आत. जपून."

उमंगने हात घातला. दात घासायचं राहून गेलं.

"बाबा, हे... बाहेरून तर नवा आहे."

"बाहेरून."

"आज कसं करणार? चार वाजता सजावटवाला येतोय. उद्या इथून अर्नाळा, अंतर ते किती? हळू नेतो. सोमवारी बदलतो, शप्पथ."

"दुसऱ्याची पोर बसणार आहे."

"मग भाड्याची गाडी सांगू. चांगली मोठी. पैसे मी देतो."

मधूभाऊंचा आवाज चढला नाही. "त्याने पाणी त्याच्या विहिरीचं दिलं. भाड्याचं नाही दिलं. गाडी काढ."

उमंग किल्ली घेऊन आला. रुक्मिणी धावत मागे आली, हातात केळीचा घड. सवय. "फुलपाड्याला चाललाच आहात तर एवढा तरी न्या. फळवाला..."

मधूभाऊ दार उघडून बसले. "आज काही ठेवू नको. टायर फाटका आहे. जितकी हलकी तितकी बरी."

रुक्मिणी घड धरून उभी राहिली. तिच्या लग्नानंतर प्रथमच वाडीतून रिकामं वाहन बाहेर पडत होतं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तो रस्ता मी कसा काढला ते मला विचारू नका. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता फुटलो. उमंग बैलगाडीसारखा चालवत होता. मागून रिक्षावाले शिव्या देत होते. मधूभाऊ पुढे बघत होते, बोटाला चिंधी बांधून.

यतीनकडे गाड्यांची रांग होती. मधूभाऊ रांगेत उभे राहिले नाहीत. सरळ त्याच्यापुढे गेले. "उद्या लग्नाला जायचंय. नवरी बसणार आहे. आधी हे बघ."

यतीनने गाडी जॅकवर घेतली. माझी आतली बाजू उजेडात आली. त्याने शीळ घातली. "काका, हायवेला फुटला असता तर? नशीब तुमचं."

"नवे लाव दोन. पुढचे."

"लावतो. पण उपयोग काय? हेच होणार. गाडी वाकडी आहे."

उमंग भडकला. "तूच सरळ केलीस! हिरवं आलं होतं ना पडद्यावर? मी स्वतः बघितलं."

"आलं होतं. मला आठवतंय. मी खोटं कशाला बोलू?" यतीन डोकं खाजवत गाडीभोवती फिरला. मागचं दार उघडलं. सीटवर चिकाचे वाळलेले काळे डाग होते. "हे काय आहे?"

"केळीचा चीक."

"त्या दिवशी गाडीत केळी होती?"

उमंगने मान हलवली.

"किती?"

"भरून," उमंग म्हणाला.

यतीन हसायला लागला, मग मधूभाऊंकडे बघून थांबला. "अरे, भरलेली गाडी आणलीस तू माझ्याकडे! मागून बसलेली, पुढून उठलेली. मी ती तशी सरळ केली. मग केळी उतरवून रिकामी पळवलीस. टायर खाणारच ना, भाई."

उमंगने वडिलांकडे बघितलं. तोंडाशी आलेलं त्याने गिळलं. हे मी पाहिलं. त्या क्षणापासून पोरगा मला आवडायला लागला.

"मी ठेवायला लावली होती," मधूभाऊ म्हणाले. "आज काही ठेवलेलं नाही. आता सरळ कर."

"करतो. पण काका, चूक एकट्या केळीची नाही. गाडी जरा जास्तच खाली गेलीये. चाकं आत कललीत. ते या गाडीत रॉड फिरवून पूर्ण निघत नाही. थोडे दिवस चालेल, पण आतली कड परत जाणार. पक्कं पाहिजे तर जुन्या स्प्रिंगा लावायच्या."

मधूभाऊ उमंगला म्हणाले, "गाडी तुझी. मला त्यातलं कळत नाही. तू सांग."

एवढ्या महिन्यांत गाडी तुझी असं ते पहिल्यांदा म्हणाले. उमंग माझ्याकडे बघत राहिला. खिशातून मोबाइल काढला, गाडीचा एक फोटो काढला, खाली बसलेल्या गाडीचा शेवटचा. "जुन्या लाव," तो म्हणाला.

"आण मग. कुठे आहेत?"

"घरी. पंपाच्या खोलीत."

यतीनने कपाळाला हात लावला. गाडी जॅकवर, स्प्रिंगा आगाशीला. उमंगने आईला फोन लावला.

रुक्मिणी आली ती दुपार टळता टळता. आगाशीहून बसने विरार, पूल ओलांडून पूर्वेला, तिथून रिक्षा. मांडीवर गोणपाटात बांधलेल्या स्प्रिंगा. घाम पुसत तिने गाठोडं मधूभाऊंच्या पायापाशी टाकलं. खणकन वाजलं.

"रिकामी गाडी न्यायची म्हणे! आणि बायकोने बसमधून लोखंड वाहायचं. कंडक्टर विचारतो, मावशी, भंगारचा धंदा कधीपासून?"

"तू काय सांगितलंस?" उमंगने विचारलं.

"म्हटलं, चाळीस वर्षं झाली."

मधूभाऊ हसले. त्यांचे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. त्यांनी जाऊन तिच्यासाठी उसाचा रस आणला.

माझं काम तिथे संपलं. मला रिमवरून काढलं. माझ्या जागी नवा आला, केसाळ, आखडू. जुन्या स्प्रिंगा बसल्या, गाडी वर आली. या वेळी यतीनने डिकी उघडून पाहिली, सीटखाली पाहिलं, रुक्मिणीची पिशवीसुद्धा गाडीतून काढायला लावली. रेघा हिरव्या झाल्या.

"हे दोन जुने राहू देत, काका. भंगारवाला नेतो."

"डिकीत टाक," मधूभाऊ म्हणाले. "वाडीत लागतात."

घरी पोचेपर्यंत सजावटवाला येऊन, चिडून, फुलं बादलीत ठेवून गेला होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर रुक्मिणी आणि उमंगने मिळून गाडी सजवली. रिबीन वाकडी लागली. त्या गडबडीत मला आणि माझ्या जोडीदाराला डिकीतून काढायचं राहून गेलं.

आज मी मधूभाऊंच्या वाडीत आहे. नारळाच्या कोवळ्या रोपाभोवती मला आडवा ठेवलाय. पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून मधूभाऊंनी कोयत्याने मला भोकं पाडली. दुखलं नाही. सरळ जमिनीवर आहे, कुठे कललेलो नाही. तरी स्वस्थता पुरती आलेली नाही. गाडी सुरू झाली की अंगातून काहीतरी फिरतं. फिरायला केलेली वस्तू पडून राहायला शिकत नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. गाडी खाली करा, वर करा, तुमची मर्जी. पण नंतर चाकं सरळ करून घ्या, रोज जशी चालवता तशाच गाडीची. आणि टायरचं तोंड बघून समाधान मानू नका. हात आत घाला. तार लागायच्या आधी घाला.

आता रविवारची फेरी सांगतो आणि माझं बोलणं आटोपतो.

मी डिकीत, अंधारात, माझ्या अंगावर एलिसाची बॅग. रुडॉल्फच्या अंगणात बँड वाजत होता. दारं उघडली, लागली. मागे एलिसा आणि रुडॉल्फ बसले, पुढे मधूभाऊ, गाडी उमंगकडे. पॉलिन आणि बाकीचे मागून दुसऱ्या गाडीने. एलिसाच्या झग्याची सळसळ थेट माझ्या कानाशी.

"उमंग, ही गाडी वाढली का रे?" एलिसा म्हणाली. "मागच्या महिन्यात जमिनीत चालली होती."

"वाढत्या वयाची आहे."

"चांगलं झालं. आजी बसली असती मग."

रुडॉल्फ हसला नाही. पोरीला द्यायला निघालेल्या बापाचा श्वास मला सीटमधून ऐकू येत होता. आगाशीचा बाजार मागे पडला. गाडी एका रेषेत चालली होती. माझ्या जागी दुसरा होता, तरी मला बरं वाटलं. कुठे घासल्याचा आवाज नाही, ओढाताण नाही. मागच्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी गाडीत असून शांत होतो.

"मधूभाऊ, बोटाला काय झालं?" रुडॉल्फने विचारलं.

"तार लागली."

"कसली?"

"टायरची. काल बदलले."

"काल? लग्नाच्या आदल्या दिवशी?" सीट करकरली, रुडॉल्फ पुढे सरकला. "म्हणून सजावटवाला आमच्याकडे येऊन ओरडत होता. दुपारभर तुमचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, मधूभाऊ विसरले की काय."

"मी विसरत नाही," मधूभाऊ म्हणाले.

"सांगायचं होतं. मी दुसरी गाडी बघितली असती."

"मला माहीत आहे तू बघितली असतीस. म्हणून नाही सांगितलं."

अर्नाळ्याला घंटा वाजत होती. गाडी थांबली. दार उघडलं, गलका आत आला, बायकांचा, पोरांचा, बँडचा. एलिसा उतरताना म्हणाली, "येते हं काका," आणि झग्याची सळसळ बाहेर गेली. रुडॉल्फ तिच्यामागून उतरला. पावलं चार पायऱ्या वर गेली. मग त्यातली जड पावलं परत आली, पुढच्या खिडकीपाशी.

पाण्याचं देणं आहे हे ज्याने इतकी वर्षं एकदाही कबूल केलं नव्हतं, तो रुडॉल्फ खिडकीतून आत वाकला.

"मधूभाऊ, पाण्याचं फिटलं."

"बरं," मधूभाऊ म्हणाले.